उरल्यासुरल्याचा मारिओ

दिवाळी तोंडावर आली की घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. गेल्या पाच-दहा वर्षांत जे जे काही "पुढेमागे उपयोगी पडेल" म्हणून वर सारलेले असते, ते एका सकाळी खाली येते. त्यात लाकूड हटकून असते. देव्हाऱ्याची निखळलेली महिरप, मोडक्या पाटाच्या पट्ट्या, आजोबांच्या शिसवी खुर्चीचा एक पाय, स्वयंपाकघराची कपाटे करवून घेतली तेव्हा मिस्त्री मागे ठेवून गेलेले हातभर लांबीचे तुकडे. टाकवत नाही आणि वापरता येत नाही, अशी या लाकडाची गत असते. गृहिणी त्याच्याकडे रागाने पाहते, गृहस्थ प्रेमाने पाहतो, आणि बहुधा ते पुन्हा माळ्यावर जाते.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत घरातले बारा वर्षांचे चिरंजीव मोबाइलवर डोळे लावून बसलेले असतात. लाल टोपीचा, झुबकेदार मिशांचा एक बुटका माणूस तेथे विटांवर डोके आपटीत, खड्डे ओलांडीत धावत असतो. त्याचे नाव मारिओ. माळ्यावरचे ते लाकूड आणि पडद्यावरचा हा माणूस यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. पण संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे. हा मारिओ मूळचा सुतार. शिवाय त्याचा जन्मच मुळी उरल्यासुरल्या मालातून झालेला आहे. तेव्हा घरातल्या लाकडाच्या तुकड्यांतून त्याला घडवायचे म्हणजे त्याला त्याच्या मूळ घरी आणण्यासारखेच आहे. ते कसे करावे हे सांगण्यापूर्वी त्याची जन्मकथा सांगितली पाहिजे. कारण पुढची सारी युक्ती तिच्यातच आहे.

शिल्लक पेट्यांचे नशीब

जपानातील क्योतो शहरात 1889 साली निन्टेंडो नावाची एक पेढी निघाली. धंदा पत्त्यांचा. हानाफुदा नावाचे फुलांची चित्रे असलेले पत्ते ही पेढी हाताने तयार करी. बारा महिन्यांची चार-चार पाने, मिळून अठ्ठेचाळीस. आपल्याला यात परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या सावंतवाडीला दशावतारी गंजिफा होतात; त्यांत दहा अवतारांची बारा-बारा पाने, मिळून एकशेवीस. आणि ज्या चितारी मंडळींचे हात गंजिफांच्या गोल पानांवर चालले, त्यांनीच सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणीही रंगविली. खेळ करणारा आणि खेळणे करणारा एकाच आळीत राहतो, हे जसे कोकणात तसेच क्योतोत.

पुढे ही पेढी पत्त्यांवरून खेळण्यांकडे वळली, तीही गमतीनेच. कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा गुन्पेई योकोई नावाचा एक तरुण होता. रिकाम्या वेळी हाताला चाळा म्हणून त्याने कात्रीसारखा लांब होणारा, दूरची वस्तू चिमटीत पकडणारा एक हात तयार केला. मालक हिरोशी यामाउची यांची नजर त्यावर पडली. रागावण्याऐवजी त्यांनी त्याचे खेळणे करून बाजारात आणावयास सांगितले. 1966 साली ते निघाले आणि दहा लाखांहून अधिक खपले. योकोईचे पुढे एक सूत्रच होऊन बसले, की जुने, स्वस्त, सर्वांना माहीत असलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करावा. आपल्याकडच्या कोणत्याही मिस्त्रीला हे सूत्र समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आता मुख्य कथा. 1980 च्या सुमारास या कंपनीने 'रडार स्कोप' नावाचा खेळ काढला. नाणे टाकून खेळावयाचा, माणसाच्या उंचीच्या पेटीत बसविलेला. अशा सुमारे तीन हजार पेट्या अमेरिकेस पाठविण्यात आल्या. समुद्रमार्गे त्या पोहोचेपर्यंत लोकांची हौस ओसरली होती. हजारभर खपल्या आणि सुमारे दोन हजार पेट्या वखारीत धूळ खात पडल्या. कंपनी बुडण्याची वेळ आली. तेव्हा क्योतोहून निर्णय झाला, की पेट्या टाकावयाच्या नाहीत. आतला खेळ तेवढा बदलावयाचा. हे काम योकोईच्या देखरेखीखाली शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकाराकडे आले. हा गृहस्थ 1977 साली नोकरीची मुलाखत द्यावयास गेला, तेव्हा स्वतः केलेले, प्राण्यांच्या आकाराचे लहान मुलांचे लाकडी हँगर बरोबर घेऊन गेला होता. म्हणजे याचाही लाकडाशी संबंध होताच.

त्याने 1981 साली जो खेळ रचला त्याचे नाव 'डाँकी काँग'. एका दांडगट गोरिलाने नायकाची प्रेयसी पळवून अर्धवट बांधलेल्या इमारतीवर नेली आहे. नायक शिड्या चढत, अंगावर येणारी पिंपे चुकवीत, प्रसंगी हातोडा फिरवीत वर जातो. हा नायक धंद्याने सुतार. आरंभी त्याला 'जम्पमॅन' म्हणत. पुढे अमेरिकेतल्या वखारीच्या घरमालकाचे, मारिओ सेगाली यांचे, नाव त्याला मिळाले. 1983 साली त्याला जमिनीखालच्या नळांत उतरविले आणि तो सुताराचा प्लंबर झाला. 1985 साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' निघाला आणि तो जगाचा झाला. आपल्याकडे 1990 नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडण्याची, कॅसेट घालून चालविण्याची यंत्रे मध्यमवर्गीय घरांत आली, त्यांतून हे पात्र आले. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ बाबालोकांची बालपणीची मे महिन्याची सुटी याच टोपीवाल्याच्या संगतीत गेलेली आहे. मुलाला रागावताना ते हे सांगत नाहीत, एवढेच!

टोपी कशाला, मिशा कशाला?

मारिओच्या डोक्यावर टोपी का आहे? त्या काळच्या यंत्राला चित्र काढावयास अगदी थोडी जागा मिळे. संपूर्ण माणूस सोळा चौकोन उंचीत बसवायचा. त्यात केस काढले तर उडी मारताना ते हलले पाहिजेत; ते जमेना, म्हणून टोपी घातली. तोंड काढावयास चौकोन उरले नाहीत, म्हणून नाक मोठे केले आणि त्याखाली मिशा ठेवून दिल्या. हात आणि धड एकाच रंगाचे झाले तर हात हलताना दिसत नाहीत, म्हणून खांद्यावर पट्टे असलेला, शर्टाहून वेगळ्या रंगाचा कामगारी पोशाख चढविला. ज्याला आज जगातले कोणतेही मूल ओळखते, तो चेहरा अडचणीने घडविलेला आहे. चित्रकाराला हवे तेवढे रंग आणि हवी तेवढी जागा मिळाली असती, तर तो कोणी चारचौघांसारखा देखणा तरुण झाला असता आणि लोक त्याला विसरूनही गेले असते.

1985 च्या खेळातला छोटा मारिओ बारा चौकोन रुंद आणि सोळा चौकोन उंच आहे. रंग फक्त तीन. टोपी आणि पोशाख लाल. केस, मिशा, शर्ट, बूट गडद तपकिरी. चेहरा, हात आणि गुंड्या फिकट. पडद्यावरच्या अशा चौकोनाला पिक्सेल म्हणतात. नाव नवे आहे, वस्तू जुनी आहे. ज्या गृहिणीने अंगणात बारा बाय सोळा ठिपके मोजून रांगोळी घातली आहे, किंवा मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांचा पोपट भरला आहे, तिला हे गणित मुलाहून आधी येते. या कामात घरातल्या आईची किंवा आजीची मदत घ्यावी असे जे पुढे सुचविणार आहे, ते शिष्टाचार म्हणून नव्हे. मोजणीत चुकणार नाही असे घरातले माणूस बहुधा तेच असते.

तीन रंग, तीन लाकडे

तीनच रंग लागतात, म्हणजे रंगाचा डबा आणण्याची गरजच नाही. लाकडाला स्वतःचा रंग असतो. आणि नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, या तिन्ही रंगांच्या लाकडांची ददात नाही.

लाल रंगासाठी बाभूळ. हा अवर्षणाचा मुलूख आणि बाभूळ हे अशा मुलखाचे झाड. नांगर, कुळव, गाडीची चाके यांना पूर्वी बाभळीसारखे दुसरे लाकूड नसे. ट्रॅक्टर आले, टायरगाड्या आल्या आणि जुनी चाके व मोडकी औते गोठ्याच्या मागे पडून राहिली. गावाकडे चुलत्याकडे वा मामाकडे अशी एखादी चाकाची आरी सहज मिळते. वरचा करडा, उन्हापावसाने खाल्लेला थर रंध्याने काढला की आत तांबूस गाभा निघतो. तेल लावले की तो अधिकच खुलतो. लाकूड कठीण आहे, करवत हळू चालते. पण मारिओची टोपी स्वस्तात मिळावी अशी अपेक्षाही नसावी.

गडद तपकिरीसाठी शिसवी. जुन्या खुर्चीचा पाय, पलंगाची मोडकी दांडी, तसबिरीची जाड चौकट, काहीही चालेल. शिसवी मिळाली नाही तर जुने, हाताळून काळवंडलेले सागवान घ्यावे. सागवानाला एक खोड आहे. ते अंगचे तेलकट असते, त्यामुळे डिंक नीट धरीत नाही. चिकटविण्यापूर्वी चिंधीला थिनर लावून तोंड पुसून घ्यावे.

फिकट रंगासाठी खोक्याचे लाकूड. नगरच्या नागापूर भागातील किंवा पारनेर तालुक्यातील सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे व सुटे भाग लाकडी खोक्यांतून येतात. त्यांच्या पिवळसर, हलक्या, चिडाच्या फळ्या पुढे भंगारवाल्याकडे जातात. फळी घेताना तिच्यावरचा शिक्का पाहावा. परदेशातून येणाऱ्या खोक्यावर 'एच. टी.' अक्षरे असली तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते, घेण्यास हरकत नाही. 'एम. बी.' असली तर ते विषारी धुरी दिलेले असते; ते मुलांच्या हाती देऊ नये.

ताजी फांदी मात्र तोडू नये. ओले लाकूड वाळताना आकसते आणि जोड फाटतात, हे एक कारण. दुसरे कारण याच जिल्ह्याने शिकविले आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने 1990 नंतरच्या दशकात कुऱ्हाडबंदी स्वीकारली आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवे केले. ज्या मुलखात उभ्या झाडाची किंमत इतकी झिजून कळली, तेथे खेळण्यासाठी पडलेले लाकूडच शोधावे हे बरे.

कामाला सुरुवात

आकार सोयीचा घेऊ. एकेक चौकोन अर्ध्या इंचाचा धरला तर मूर्ती सहा इंच रुंद आणि आठ इंच उंच होते. दिवाणखान्यातल्या कपाटावर शोभेल अशी. सुताराच्या भाषेत अर्धा इंच म्हणजे चार सूत. आठ सुतांचा एक इंच. मुलाला हे माप आधी शिकवावे, कारण मिस्त्रीशी बोलताना सेंटिमीटर उपयोगी पडत नाहीत.

एकंदर चौकोन 143 लागतात. 45 लाल, 54 गडद आणि 44 फिकट. प्रत्येक रंगाची चार सूत बाय चार सूत जाडीची, तीन फूट लांबीची पट्टी घेतली तर करवतीने खाल्लेले लाकूड आणि बिघडलेले तुकडे जमेस धरूनही पुरते. तुकड्या-तुकड्यांतून लांबी जमली तरी चालेल. या पट्ट्या चिरण्याचे काम मात्र घरी करू नये. ते यंत्रावर, मिस्त्रीच्या हातूनच करवून घ्यावे. मोठी करवत फिरते तेथे मुलाने लांब उभे राहून पाहावे, हात लावू नये.

घरी लागणारी हत्यारे थोडी आहेत. बारीक दातांची लहान करवत, गुण्या, कानस, काचकागद आणि सुताराचा पांढरा डिंक. पूर्वी हे काम सरसाने होई. सरस उकळताना सबंध घरात असा वास सुटे की आजी देवघराचे दार लावून घेत. 1959 साली फेविकॉल निघाला आणि मिस्त्रींच्या मागची ती कटकट गेली.

पहिले काम तुकडे पाडण्याचे. एका फळीवर दोन पट्ट्या समांतर ठोकून खाच करावी आणि बरोबर चार सुतांवर एक आडकाठी बसवावी. पट्टी खाचेत सरकवावयाची, आडकाठीला टेकवावयाची, कापावयाची. अशाने प्रत्येक तुकडा सारख्या मापाचा पडतो. येथे घाई करणारा पुढे रडतो. प्रत्येक तुकडा केवळ अर्धा सूत मोठा झाला, तर बारा तुकड्यांच्या ओळीत सहा सुतांची, म्हणजे पाऊण इंचाची वाढ होते आणि मारिओचे पोट टोपीबाहेर येते. एका तुकड्यात न दिसणारी चूक बारांत कशी दिसते, हे मुलाला अंकगणिताच्या वहीपेक्षा येथे लवकर उमजते.

आता ओळी. वरून खाली सोळा, डावीकडून उजवीकडे वाचाव्यात. 'रि' म्हणजे रिकामी जागा, 'ला' लाल, 'ग' गडद, 'फि' फिकट. विणकामाचे नमुने वाचणाऱ्या भगिनींना हे सवयीचे आहे.

1. 3 रि, 5 ला, 4 रि
2. 2 रि, 9 ला, 1 रि
3. 2 रि, 3 ग, 2 फि, 1 ग, 1 फि, 3 रि
4. 1 रि, 1 ग, 1 फि, 1 ग, 3 फि, 1 ग, 3 फि, 1 रि
5. 1 रि, 1 ग, 1 फि, 2 ग, 3 फि, 1 ग, 3 फि
6. 1 रि, 2 ग, 4 फि, 4 ग, 1 रि
7. 3 रि, 7 फि, 2 रि
8. 2 रि, 2 ग, 1 ला, 3 ग, 4 रि
9. 1 रि, 3 ग, 1 ला, 2 ग, 1 ला, 3 ग, 1 रि
10. 4 ग, 4 ला, 4 ग
11. 2 फि, 1 ग, 1 ला, 1 फि, 2 ला, 1 फि, 1 ला, 1 ग, 2 फि
12. 3 फि, 6 ला, 3 फि
13. 2 फि, 8 ला, 2 फि
14. 2 रि, 3 ला, 2 रि, 3 ला, 2 रि
15. 1 रि, 3 ग, 4 रि, 3 ग, 1 रि
16. 4 ग, 4 रि, 4 ग

सारे तुकडे आधी डिंक न लावता टेबलावर मांडून पाहावेत. लाकडाच्या रेषा सगळ्यांच्या एकाच दिशेने, उभ्या, असाव्यात. म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगले तरी सगळे एकाच बाजूला फुगते आणि जोड उकलत नाहीत. मग एकेक ओळ चिकटवावी. खाली प्लॅस्टिकचा कागद, मागे सरळ पट्टी, दोन्ही टोकांना दाब. जेथे मधे रिकाम्या जागा आहेत, म्हणजे दोन पायांमध्ये, तेथे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला खोटा तुकडा ठेवावा आणि डिंक वाळल्यावर काढून घ्यावा. ओळी रात्रभर वाळू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी काचेवर काचकागद पसरून प्रत्येक ओळीच्या कडा त्यावर घासून सपाट कराव्यात आणि मग ओळीवर ओळ रचावी, पायाकडून डोक्याकडे.

उभी मूर्ती पडू नये म्हणून पाठीला पातळ प्लायचा तुकडा आकारात कापून चिकटवावा आणि बूट सागवानी पाटावर बसवावेत. बुटांना खालून बारीक भोके पाडून बांबूच्या काड्या ठोकल्या तर मूर्ती वर्षानुवर्षे हलणार नाही. शेवटी काचकागदाने घासावे. बाभूळ आणि शिसवीची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये, रुमाल बांधावा. मग जवसाच्या तेलाचा एक हात. तेल लागताच तिन्ही लाकडांचे रंग एकमेकांपासून असे सुटे होतात, की इतके दिवस ठोकळ्यांचा ढीग वाटणारी वस्तू एकदम माणूस दिसू लागते. येथे एक धोक्याची सूचना. जवसाच्या तेलाने भिजलेला बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेतो. पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवावा. दिवाळीत आग लागण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत, त्यांत ही भर नको.

हे सारे एका दिवसाचे काम नव्हे. रोज तासभर बसले तर पंधरवडा जातो. दिवाळीच्या सुटीला तो बेताचा बसतो.

मिस्त्रीकाकांचे दार

या खटाटोपाचा खरा लाभ मूर्तीत नाही. तो पट्ट्या चिरून घेण्यासाठी मुलगा मिस्त्रीच्या दाराशी जातो तेव्हा सुरू होतो.

आपल्या शहरी घरांत मिस्त्री येतो तो दरवाजा घासत असला म्हणून, नाहीतर कपाट करावयाचे असले म्हणून. आपण त्याला चहा देतो, हिशोबात घासाघीस करतो आणि काम झाले की दार लावून घेतो. त्याला काय येते हे विचारण्याची वेळ कधी येत नाही. मुलगा बाभळीचा तुकडा घेऊन गेला की संभाषण निराळ्याच वळणावर जाते.

"काका, ह्याच्या चार सुती पट्ट्या पाडून द्याल का?"

"चार सुती? कोणी शिकवलं रे तुला सूत?" मिस्त्री हसून तुकडा हातात घेतात, उलटा करतात, नखाने खरवडतात, वास घेतात. "बाभूळ हाय. गाडीच्या चाकाची आरी दिसतीय. आमच्या आज्याच्या हातची असंल बघ एखाद्या वक्ताला. कशाला पाहिजे?"

"मारिओ करायचाय. तोपण सुतारच होता, काका."

असे बोलणे एकदा सुरू झाले की ते पट्ट्यांपाशी थांबत नाही. लाकडाचा गाभा कोणता, रेषा कोणत्या बाजूला धावते, करवत ढकलताना जोर द्यावयाचा की ओढताना, पटाशी कशी धरली म्हणजे बोट वाचते. हे ज्ञान कोठल्या पुस्तकात नीट सापडत नाही. ते त्या हातांत आहे, आणि ते हात आता थोडे उरले आहेत. कारण उघड आहे. आजचे फर्निचर प्लाय आणि सनमायकाचे. तक्ता यंत्रावर कापावयाचा, पत्रा चिकटवावयाचा, खिळे मारावयाचे. खिडक्या अॅल्युमिनियमच्या, दारे तयार मिळतात. ज्याने वडिलांच्या हाताखाली चाकाचा आरा बसविला, त्याला कोणी आरा बसव असे सांगत नाही. मुलांनी तो धंदा सोडला यात त्यांचा दोष नाही. ज्या कामाला मोल नाही ते कोणी कशाला करील? पण एका पिढीचा खंड पडला की हे कसब पुन्हा उभे करणे कठीण जाते. मेलेल्या झाडाचे लाकूड तरी माळ्यावर राहते. मेलेल्या हुनराचे काहीच राहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच नगर शहरात अमेरिकन मराठी मिशनने सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावे उद्योगशाळा चालविली होती. तेथे मुलांना लाकूडकाम आणि कोरीवकाम शिकवीत. पुढे 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने हातांच्या कामालाच शिक्षणाचा पाया मानावे असे सांगितले. शाळांच्या वेळापत्रकात हस्तव्यवसायाचा तास आला, आणि परीक्षेच्या गुणांपुढे तो पुष्कळ ठिकाणी कधी नाहीसा झाला ते कळलेही नाही. सरकारने तो परत आणावा असे म्हणणे सोपे आहे. तोपर्यंत प्रत्येक कुटुंबाने निदान एका मिस्त्रीशी आपल्या मुलाची ओळख करून द्यावी, एवढे तरी आपल्या हाती आहे. मात्र त्याचा वेळ फुकट मागू नये. पट्ट्या चिरण्याचे आणि शिकविण्याचेही पैसे द्यावेत, आणि ते मुलाच्या हातून द्यावेत. विद्येचे मोल असते हे त्यालाही कळू द्यावे.

मोबाइलचे काय? पुष्कळ आईबाप विचारतील, की मारिओच करावयाचा तर मुलाचे त्या खेळाचे वेड वाढणार नाही का? त्याला उत्तर एवढेच, की खेळ हिरावून घेतल्याने मुलाची त्याची ओढ कमी होत नाही, हे प्रत्येक घराने अनुभविलेले आहे. खेळणाऱ्याला खेळ तयार मिळतो. त्यात हरता येते, जिंकता येते, बदलता काही येत नाही. तोच मारिओ ठोकळ्यांनी रचताना मुलाला पहिल्यांदा प्रश्न पडतो, की मिशांना चार चौकोन का, डोळा एवढा उंच का, गुंड्या कोठे गेल्या. क्योतोतल्या त्या तरुणाला 1981 साली जे कोडे पडले, तेच नगरच्या मुलापुढे येऊन उभे राहते. एकाजवळ जागा पुरेशी नाही, दुसऱ्याजवळ लाकूड पुरेसे नाही. ज्याने एकदा असे कोडे सोडविले, तो पुढे पडद्याकडे केवळ गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहत नाही.

आणि मुलगी असेल तर? तिलाही करवत द्यावी. हातोडा धरणाऱ्याचा हात मुलाचा की मुलीचा, हे लाकडाला ठाऊक नसते. पुण्याच्या एका कंपनीने 2020 साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यात पळवून नेलेल्या धाकट्या भावाला सोडवायला जाणारी नायिका सर्कशीतली मुलगी आहे. चौकोन थोडे अधिक लागतील, पण कागदावर रेघा आखून तिचीही आकृती बसविता येईल. पहिला मारिओ झाला की पुढचा नमुना मुलांनी स्वतःच आखावा. नगरच्या मुलांना रणगाड्यांचेही आकर्षण असते. 1994 पासून तेथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि जुन्या कॅसेटींत रणगाड्यांच्या लढाईचा जो खेळ असे, त्यातला रणगाडाही असाच चौकोनी होता. बाभळीच्या चार पट्ट्या उरल्या असतील तर तो सहज होईल.

लाकडी मारिओ पहिल्यांदा जवळून पाहाल तर निराशा होईल. कोठे फट दिसेल, कोठे डिंकाचा डाग, एखादा गडद तुकडा दुसऱ्याहून फिका. मग तो कपाटावर ठेवावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला दहा पावले जावे आणि वळून पाहावे. आजोबांच्या खुर्चीच्या पायाच्या मिशा, मामाच्या गाडीच्या चाकाची टोपी आणि भंगारातल्या खोक्याचे गाल घेऊन तो आपल्याकडे पाहत असतो. तेवढ्या अंतरावरून त्याला कोणीही ओळखील.